समीकरणे मोजून पर्याप्तता ठरत नाही

स्पर्धा परीक्षांच्या गणितात ‘माहितीची पर्याप्तता’ या नावाने ओळखला जाणारा, आणि शिकवणीवर्गांत सरसकट ‘डेटा सफिशियन्सी’ म्हटला जाणारा प्रश्नप्रकार इतर प्रश्नांहून एका बाबतीत मुळातच वेगळा आहे: त्यात उत्तर काढायचे नसते, दिलेल्या माहितीवरून एकच एक उत्तर निघू शकते की नाही एवढेच ठरवायचे असते. आधी एक शाब्दिक प्रश्न येतो, त्याखाली दोन विधाने असतात, आणि परीक्षार्थीने सांगायचे असते की दोहोंपैकी एकच विधान पुरते, की कोणतेही एक पुरते, की दोन्ही एकत्र घ्यावी लागतात, की दोन्ही घेऊनही प्रश्न अनुत्तरितच राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली आलेल्या सीसॅट या पेपरात हे प्रश्न अलीकडे ठळकपणे दिसतात, बँकभरतीच्या परीक्षांत ते जुनेच आहेत, आणि व्यवस्थापन-शिक्षणासाठी जगभर दिल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेची तर ती ओळखच होती. २०२३ अखेरच्या फेररचनेत तेथे हा प्रकार गणिताच्या विभागातून उचलून ‘डेटा इन्साइट्स’ नावाच्या विभागात ठेवला गेला.

या स्थलांतराने एका जुन्या मताला नवे बळ मिळाले आहे. ते मत असे की, ज्या प्रश्नात उत्तर काढायचेच नाही त्याला बीजगणित कशाला हवे? अज्ञात राशी किती आणि समीकरणे किती हे मोजावे, दोन्ही संख्या जुळल्या तर माहिती पुरेशी म्हणावी, न जुळल्यास अपुरी म्हणावी. आणि शंका उरली तर दोनचार सोप्या संख्या घालून पाहाव्यात. डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासीबहुल तालुक्यांतील मुलांविषयी बोलताना हेच मत आणखी एक पायरी पुढे जाते आणि करुणेचा सूर लावते: ज्याच्या घरी वारली बोलली जाते, ज्याचे शिक्षण आश्रमशाळेत मराठीतून झाले आणि ज्याला शेवटी हिंदी वा इंग्रजीतला पेपर सोडवायचा आहे, त्याच्या डोक्यावर अक्षरांचे गणित कशाला लादायचे? त्याला युक्त्या द्याव्यात, कारण सीसॅट हा २०१५ पासून केवळ पात्रतेचा पेपर आहे आणि २०० पैकी ६६ गुण पुरतात.

या भूमिकेतील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही, आणि भाषेच्या अडचणीचा तिने केलेला उल्लेखही खोटा नाही. पण तिच्यातील गणित चुकीचे आहे, आणि चुकीच्या गणितावर उभी राहिलेली करुणा ज्याच्यासाठी दाखवली जाते त्याचेच नुकसान करते. पर्याप्तता हा बीजगणिताला टाळून सोडवायचा प्रश्न नाही. आकडेमोड वजा केल्यावर बीजगणिताचे जे उरते, म्हणजे अटींची मांडणी आणि त्या अटींत किती उत्तरे बसतात याचा विचार, त्याचीच ही परीक्षा आहे.

आधी मोजणीचा नियम तपासून पाहावा. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या चिकूच्याच व्यवहाराचे एक उदाहरण घेऊ. एक बागायतदार मोठी आणि लहान अशा दोन मापांच्या पेट्या विकतो. मोठ्या पेटीचा भाव किती, हा प्रश्न आहे. पहिले विधान सांगते की ३ मोठ्या आणि २ लहान पेट्यांचे ८४० रुपये झाले. दुसरे सांगते की ६ मोठ्या आणि ४ लहान पेट्यांचे १,६८० रुपये झाले. मोठ्या पेटीचा भाव क्ष आणि लहानीचा य मानला, तर हाती दोन अज्ञात आणि दोन समीकरणे येतात, आणि मोजणीचा नियम निर्धास्तपणे ‘दोन्ही एकत्र पुरेशी’ असा शेरा मारतो. प्रत्यक्षात दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. त्याने एका पैशाचीही नवी माहिती दिलेली नाही. क्ष २०० आणि य १२० असला तरी दोन्ही विधाने खरी ठरतात, क्ष २२० आणि य ९० असला तरीही ठरतात. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरी.

आता विधाने तीच ठेवून फक्त प्रश्न बदलावा: ९ मोठ्या आणि ६ लहान पेट्यांचे किती रुपये होतील? एकाही पेटीचा भाव स्वतंत्रपणे कळलेला नाही, तरी पहिल्या विधानाची तिप्पट केली की २,५२० हे उत्तर हातात येते, आणि दुसऱ्याची दीडपट केली तरी तेच येते. म्हणजे आता कोणतेही एक विधान एकटेच पुरेसे आहे. त्याच दोन वाक्यांना एका प्रश्नापुढे ‘दोन्ही मिळूनही नाही’ आणि दुसऱ्या प्रश्नापुढे ‘कोणतेही एक पुरे’ अशी पर्यायांच्या यादीतली दोन टोकाची उत्तरे मिळतात, आणि मोजणीचा नियम दोन्ही वेळा ठामपणे चुकतो. ही त्या नियमाची किरकोळ पळवाट नव्हे. पर्याप्तता हा विधानांचा गुणधर्मच नाही, तो विधाने आणि प्रश्न यांच्यातील संबंध आहे, हे त्या नियमाला ठाऊकच नाही. आणि प्रश्नकर्त्याला ते ठाऊक असल्यामुळे तो नेमके याच जागी पाऊल अडखळेल अशी उदाहरणे रचतो.

येथे एक गोष्ट खटकते ती अशी की, या चुकीवरचा उतारा कोणत्याही महागड्या वर्गात नाही, तो राज्याच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. २०१८ साली आलेल्या गणित भाग १ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे आणि त्यात निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांमधील फरक, शिकवला जातो. ज्याच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते त्या क्रेमरने ती १७५० साली मांडली. चिकूच्या उदाहरणात सहगुणक ३, २ आणि ६, ४ असे आहेत. ३ गुणिले ४ म्हणजे १२, २ गुणिले ६ म्हणजेही १२, फरक शून्य, आणि निश्चयक शून्य झाला की एकमेव उत्तराची आशा संपली. एवढे पाहायला दहा सेकंदही लागत नाहीत. तलासरीच्या आश्रमशाळेतल्या मुलाने हे प्रकरण गिरवलेले असते. फक्त त्या प्रकरणाचा या प्रश्नाशी संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगण्याऐवजी त्याला मोजणीची युक्ती दिली जाते, जी त्याला आधीच येत असलेल्या गोष्टीपेक्षा कमकुवत आहे.

मोजणीचा नियम उलट्या बाजूनेही चुकतो, आणि ती चूक अधिक मनोरंजक आहे. शाळेच्या भांडारात वही १७ रुपयांना आणि पेन १२ रुपयांना मिळते. एका मुलीने दोन्ही वस्तू घेतल्या, तर तिने वह्या किती घेतल्या? पहिले विधान: तिचे एकूण १५० रुपये झाले. दुसरे विधान: तिच्या वह्या पेनांपेक्षा दोनने जास्त आहेत. अज्ञात दोन, म्हणून समीकरणे दोन हवीत, म्हणून दोन्ही विधाने एकत्र घ्यावीत, असे नियम सांगतो. परंतु वह्या आणि पेने अर्धी-पाऊण विकत मिळत नाहीत. क्ष आणि य पूर्णांक आहेत, हे प्रश्नाने न लिहिता सांगितले आहे. १७ क्ष अधिक १२ य बरोबर १५० या एकाच समीकरणात १२ ने भागून उरणाऱ्या बाकीचा विचार केला, तर क्षच्या पाचपटीला १२ ने भागल्यावर ६ उरले पाहिजेत, आणि असा सर्वांत लहान क्ष ६ आहे. त्यानंतरचा १८ येतो, पण अठरा वह्यांचेच ३०६ रुपये होतात. म्हणून वह्या ६, पेने ४, आणि पहिले विधान एकटेच पुरेसे. तेच आकडे भातशेतीत घालून पाहावेत: १७ रुपये किलोचे एक भात आणि १२ रुपये किलोचे दुसरे, एकूण १५० रुपये. आता किलोचे अपूर्णांक चालतात, शक्यता अगणित होतात, आणि तेच समीकरण अपुरे ठरते. वही २० रुपयांना आणि पेन १० रुपयांना असती तर पूर्णांक असूनही सात निरनिराळी उत्तरे निघाली असती. म्हणजे समीकरण एकच असले तरी अज्ञात राशी कोणत्या जातीची आहे आणि सहगुणकांचे परस्परांशी नाते काय आहे, यावर निर्णय अवलंबून असतो. मोजणीला यातले काहीच दिसत नाही.

बीजगणित ही परकी आणि शहरी विद्या आहे असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की, अशा एका समीकरणातून पूर्णांक उत्तरे काढण्याच्या विद्येला या देशात ‘कुट्टक’ म्हणतात; इसवी सन ४९९ मधील आर्यभटाच्या ग्रंथात ती आहे, आणि बाराव्या शतकात सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला. त्या ग्रंथात एकापेक्षा अधिक अज्ञात राशींना रंगांची नावे दिलेली आहेत, आणि अज्ञातांहून समीकरणे कमी असताना काय करावे, हा त्यातील एक मोठा विषय आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. माहिती अपुरी दिसत असताना ती खरोखर अपुरी आहे की नाही हे ठरवणे हा महाराष्ट्राच्या भूमीत आठशे वर्षांहून अधिक काळ अभ्यासला गेलेला प्रश्न आहे. परीक्षामंडळांनी त्याला फक्त चार पर्याय जोडले.

वर्गसमीकरणात तर मोजणीचा नियम पुरता कोलमडतो. एका आयताकृती वाडीची परिमिती १०० मीटर आहे, हे पहिले विधान. तिचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आहे, हे दुसरे. दोन्ही विधाने एकत्र केली की बाजूंची बेरीज ५० आणि गुणाकार ६०० मिळतो, आणि एका बाजूसाठी जे वर्गसमीकरण तयार होते त्याची दोन उत्तरे येतात: २० आणि ३०. ‘वाडीची लांब बाजू किती?’ असा प्रश्न असेल तर ३० हे एकच उत्तर आहे आणि माहिती पुरेशी आहे. ‘वाडीची पूर्व-पश्चिम बाजू किती?’ असा प्रश्न असेल तर २० आणि ३० ही दोन्ही उत्तरे तितकीच खरी आहेत आणि माहिती अपुरी आहे. समीकरण सोडवण्याची गरज दोन्ही वेळा जवळजवळ नाही. गरज आहे ती, दोन मुळांची अदलाबदल केली असता प्रश्नाचे उत्तर बदलते का, हे पाहण्याची. ज्याने कधी समीकरण मांडलेच नाही त्याला ही अदलाबदल सुचणार कशी?

दुसरी युक्ती संख्या घालून पाहण्याची. तिच्याविषयी अधिक न्यायाने बोलले पाहिजे, कारण ती निम्मी खरी आहे. एखाद्या विधानात बसणाऱ्या दोन संख्या घेतल्या आणि त्यांनी प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली, तर ते विधान अपुरे आहे हे पक्के सिद्ध झाले. याहून अधिक पुराव्याची गरज नाही. पण दोन, पाच किंवा पंचवीस संख्यांनी एकच उत्तर दिले म्हणून विधान पुरेसे ठरत नाही, कारण ‘पुरेसे’ म्हणजे विधानात बसणाऱ्या प्रत्येक संख्येने तेच उत्तर दिले पाहिजे, आणि ‘प्रत्येक’ हा शब्द उदाहरणांनी भरून निघत नाही. अपुरेपणा उदाहरणाने सिद्ध होतो, पर्याप्ततेला सिद्धता लागते. युक्ती शिकवणारे हा भेद सांगत नाहीत, आणि त्यामुळे परीक्षार्थी त्या युक्तीचा उपयोग नेमका तिथे करतो जिथे ती लंगडी आहे.

तलासरी परिसराच्या इतिहासात गवतकापणीच्या मजुरीला मोठे स्थान आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या वारल्यांच्या परिषदेनंतर किसान सभेच्या, आणि विशेषतः शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा उभा राहिला, त्यात वेठबिगारीच्या विरोधाबरोबरच गवतकापणीच्या मोबदल्याचा प्रश्नही होता. त्या काळच्या पद्धतीचे एक उदाहरण रचून पाहावे; आकडे केवळ गणिताच्या सोयीचे आहेत. रोजंदारीने कापणी केली तर दिवसाला १२ आणे मिळतात. वजनावर केली तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये, म्हणजे ४० आणे. एका मजुराला वजनाच्या दराने त्या दिवशी रोजंदारीपेक्षा जास्त मिळाले का? पहिले विधान: त्याने १४० पौंडांहून जास्त गवत कापले. दुसरे विधान: त्याने १४५ पौंडांहून कमी गवत कापले. संख्या घालून पाहणारा पहिल्या विधानासाठी सवयीने २००, २५०, ३०० अशा गोल संख्या घेतो, तिन्ही वेळा ‘हो’ असे उत्तर मिळते, आणि तो विधान पुरेसे ठरवून पुढे जातो. दुसऱ्या विधानात १०० किंवा १२० घातले की ‘नाही’ येते, आणि ‘नाही’ आले म्हणजे माहिती अपुरी, असा घोटाळा करून तो दुसरे विधान फेटाळतो. दोन्ही निष्कर्ष उलटे आहेत. मजुराने कापलेले गवत क्ष पौंड मानून असमानता मांडली, तर सीमारेषा १५० पौंडांवर येते. पहिल्या विधानात १४५ आणि १६० दोन्ही बसतात, म्हणून ते अपुरे. दुसऱ्यात बसणारी प्रत्येक संख्या १५० च्या खाली आहे, म्हणून उत्तर निश्चितपणे ‘नाही’ आणि विधान पुरेसे. ठाम नकार हेही उत्तरच असते, ही गोष्ट हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नांत फार परीक्षार्थी विसरतात, आणि ती विसरण्याचे कारण असे की त्यांना सीमा शोधायला शिकवलेले नसते, नमुने गोळा करायला शिकवलेले असते.

सरासरी आणि टक्केवारीच्या प्रश्नांविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल की, मुलांचा निकाल ६० टक्के आणि मुलींचा ८० टक्के असताना शाळेचा एकूण निकाल विचारला, तर मुलामुलींचे गुणोत्तर पुरते आणि एकूण पटसंख्या अजिबात उपयोगी पडत नाही, आणि हे एक ओळ लिहिल्याबरोबर दिसते, कारण पटसंख्या त्या ओळीतून भागाकारात निघून जाते.

यानंतर करुणेचा मुद्दा. त्याच्या समर्थनार्थ कधी कधी कोसबाडचे नाव घेतले जाते: ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले आणि अनुताई वाघ यांच्यासह १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पाने, बिया, शंखशिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनी शिकवत असे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरवल्या गेल्या, मग याच मुलांपुढे क्ष आणि य कशासाठी? हा त्या प्रयोगाचा विपर्यास आहे. माँटेसोरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडत नाहीत म्हणून परिसरातील साधने घेतली गेली. त्या साधनांतून मुलाने जिथे पोहोचायचे ते ठिकाण खाली आणले गेले नव्हते. बिया मोजणारे मूल एक दिवस बियांशिवाय मोजू लागते, आणि त्यानंतर संख्येशिवाय, केवळ ‘कितीतरी’ म्हणून एका अक्षरावर विचार करू लागते. पहिल्या पायरीचे कौतुक करून तिसरी पायरी काढून टाकणे याला त्या दोघींच्या कामाचा वारसा म्हणता येणार नाही.

त्याहून मोठा मुद्दा असा की, अपुऱ्या माहितीचा हिशेब या भागाला कधीच परका नव्हता. तो येथील माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने मराठी वाचकांसमोर आणलेली ‘लग्नगडी’ ही प्रथा पाहावी. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम घेतलेला तरुण तिच्या फेडीसाठी त्याच्याकडे राबू लागे, बायकोही राबे, आणि फेड संपत नसे. हा व्यवहार बीजगणिताच्या भाषेत मांडला तर त्याचे स्वरूप उघडे पडते. मुद्दल ठाऊक आहे. पण वर्षाचे व्याज किती धरले आणि वर्षभराच्या श्रमापोटी खात्यात किती जमा केले, या दोन राशी फक्त सावकाराच्या वहीत आहेत. ‘कर्ज कधी फिटेल?’ या प्रश्नाला माहिती अपुरी आहे, आणि ती अपुरी राहील अशीच व्यवस्था आहे. परंतु ‘कर्ज कधी तरी फिटेल का?’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला पुष्कळ कमी माहिती पुरते. समजा मुद्दल १०० रुपये आणि वर्षाचे व्याज २५ रुपये आहे, तर खात्यात जमा होणारी श्रमाची किंमत वर्षाला २५ रुपये किंवा त्याहून कमी आहे एवढे कळले की पुरे. नेमका आकडा कळण्याची गरज नाही, कारण जमा व्याजाच्या वर जात नाही तोवर मुद्दलाचा एक पैसाही कमी होत नाही. कधी फिटेल हे सांगता येत नसतानाही कधीच फिटणार नाही हे सिद्ध करता येते. सीसॅटच्या पेपरात अडीच गुणांना विचारला जाणारा भेद आणि हा भेद यांत गणिताच्या दृष्टीने तसूभर अंतर नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना हा दुसरा प्रश्न विचारण्याचे साधन मिळाले नाही त्यांच्याच नातवंडांना ते साधन झेपणार नाही असे म्हणणे, आणि तेही त्यांच्या भल्यासाठी म्हणणे, हे सौम्य शब्दांत सांगायचे तर विचित्र आहे.

वेळेचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे आणि त्याला व्यवहारीच उत्तर दिले पाहिजे. सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. त्यात समीकरणे मांडत बसले तर पेपर कसा संपणार? हा आक्षेप घेणारे ‘मांडणे’ आणि ‘सोडवणे’ यांत गल्लत करतात. शाब्दिक प्रश्नात वेळ जातो तो सोडवण्यात: कंस उघडणे, राशी इकडून तिकडे नेणे, भागाकार करणे. पर्याप्ततेच्या प्रश्नाने तो सगळा भाग माफ केलेला असतो. उरते ती मांडणी आणि तिच्याकडे रोखून पाहणे: ओळी परस्परांपासून स्वतंत्र आहेत का, राशी पूर्णांक आहे का, विचारलेली गोष्ट क्ष आहे की क्ष आणि य यांचे एखादे जोडकाम आहे, मुळे दोन आली तर प्रश्न त्यांतले एक निवडतो का. वर दिलेल्या उदाहरणांपैकी एकाही उदाहरणाची मांडणी दोन ओळींहून लांब नाही. उलट संख्या घालून पाहणारा एकेका विधानासाठी तीन-चार वेळा आकडेमोड करतो आणि शेवटी खात्री नसल्यामुळे पर्यायांत घुटमळतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एकतृतीयांश गुण कापले जातात, ते त्या घुटमळण्याच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. पर्याप्ततेचे सगळेच प्रश्न बीजगणिताचे नसतात. बँकेच्या परीक्षांत रांगेतले स्थान, नातेसंबंध, दिशा अशा विषयांवर ते असतात, आणि तेथे आकृती काढणे हाच मार्ग आहे. पण तेथेही प्रश्न तोच राहतो की दिलेल्या अटींत बसणारी आकृती एकच आहे की दोन, आणि ज्याने एकमेव उत्तराचा विचार समीकरणांवर केला आहे तो हा विचार आकृतीवर सहज करतो. याउलट वाट मात्र सापडत नाही. युक्त्यांचा साठा एका प्रश्नप्रकारातून दुसऱ्यात नेता येत नाही, म्हणून दर परीक्षेसाठी नव्या युक्त्या विकत घ्याव्या लागतात, आणि विकणाऱ्यांची सोय त्यातच असते.

आणि परीक्षेच्या बाहेरही हे प्रश्न डहाणू-तलासरीत दारापर्यंत आलेले आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग या दोन्हींचे मार्ग या पट्ट्यातून जातात. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात ग्रामीण जमिनीची भरपाई ठरवताना बाजारमूल्याला १ ते २ यांच्या दरम्यानच्या एका गुणकाने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेइतकाच दिलासा, म्हणजे शंभर टक्के वाढीव रक्कम, त्यात मिळवायचा, असा हिशेब आहे. झाडे, घर आणि इतर बाबी बाजूला ठेवून, बाजारमूल्य दहा लाख ठरलेल्या शेतकऱ्याने या हिशेबाने किती मिळेल असे विचारले, तर गुणकाविना उत्तर नाही. रक्कम वीस लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत कुठेही असू शकते. वीस लाखांपेक्षा कमी तर मिळणार नाहीत ना, असे त्याने विचारले, तर गुणक न कळताही उत्तर ठाम आहे: नाही. तीस लाखांहून जास्त मिळतील का, या प्रश्नाला मात्र गुणक दीडच्या वर आहे की नाही एवढे तरी कळलेच पाहिजे, आणि कागदावर सही करण्याआधी समोरच्या अधिकाऱ्याला विचारायचा प्रश्न तोच आहे.